गोरखचिंचेची सून

मी बुबूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीपासून वीसेक हात उंच होती आणि तिचं वय पासष्टीच्या पुढं होतं.

मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोनेक वर्षं झाली होती. ग्रामसेविका म्हणून माझी नेमणूक भूम तालुक्यातल्या एका गावी झाली. पौष महिना होता. एस.टी.नं मला फाट्यावर सोडलं. पत्र्याची ट्रंक एका गाडीवानाच्या गाडीत टाकून मी गावात पोचले. राहायला जागा बुबूच्या घरात, एवढं ब्लॉकच्या ऑफिसात सांगितलं होतं. घर सापडलं, पण घराला नुसती कडी. शेजारच्या किराणा दुकानातून एक ठेंगण्या बाई बाहेर आल्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीचं लिंग. या शिवगंगाक्का. त्यांनी गल्लीच्या टोकाकडं बोट केलं आणि मग तेच बोट हळूहळू वर नेलं.

तिथं एक झाड होतं. झाड म्हणायला जीभ धजेना. करड्या रंगाचा, सुरकुत्या पडलेला, घराएवढा रुंद बुंधा, वर आखूड जाडजूड फांद्या, आणि पान एकही नाही. कुणी जमिनीतून उपटून उलटं रोवल्यासारखं. फांद्यांना लांब देठांवर दुधी भोपळ्याएवढी मखमली फळं लोंबत होती. बुंध्यात बाभळीच्या खुंट्या ठोकलेल्या, आणि त्या खुंट्यांवर पाय देत, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली एक उंच, वाळकी म्हातारी फळं तोडून कमरेच्या झोळीत टाकत होती.

"पडतील की हो!" मी ओरडले.

"आजवर न्हाय पडली," शिवगंगाक्का म्हणाल्या. "तुमी ओरडू नगा. तिला न्हाय, झाडाला आवडत न्हाय म्हंती."

बुबू खाली उतरली. शेवटच्या खुंटीवरून पाय जमिनीला लागताच तिनं पहिलं काम केलं ते डोक्यावर पदर घेण्याचं. काष्टा सोडला, पदर कपाळापर्यंत ओढला, झाडाकडं पाठ न करता चार पावलं मागं सरली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चल पोरी. च्या करते."

ते झाड म्हणजे गोरखचिंच. गावात कुणी सांगायचं, गोरखनाथानं याच्याखाली बसून चेल्यांना शिकवलं. कुणी सांगायचं, कुणा हबशी घोडेवाल्यानं जाताजाता बी टाकलं. बुबूच्या लेखी ते झाड म्हणजे तिचा सासरा होता. अकराव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली तेव्हा नवऱ्याचा बाप हयात नव्हता. सासूनं तिला झाडापुढं उभं केलं आणि सांगितलं, "घरातला थोर मानूस ह्योच. ह्याच्यापुढं डोकं झाकायचं." सासू बहुधा गमतीनं म्हणाली असेल. बुबूनं ते जन्मभर पाळलं. झाडाला ती 'मामंजी' म्हणायची.

मी एकदा विचारलं, "सासऱ्यापुढं पदर घेता, मग त्यांच्या अंगाखांद्यावर चढता कशा?"

"चढताना लेक असते," ती म्हणाली. "उतरले की सून."

हसली नाही. तिच्या दृष्टीनं यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या झाडावर ती जगत होती हे मला हळूहळू कळलं. फळ फोडलं की आत पांढरा, कोरडा, चुरमुऱ्यासारखा ठिसूळ गर निघतो. जिभेवर ठेवला की आंबट विरघळतो. तो गर ती पाण्यात कोळायची, गूळ आणि चिमूटभर मीठ घालायची. उन्हाळ्यात रानातून येणारं माणूस तिच्या दारी थांबल्याशिवाय पुढं जात नसे. वरणात चिंचेऐवजी तोच गर. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी, उरलेली पानं सावलीत वाळवून केलेली पूड. रिकाम्या करवंट्या सीना नदीकाठचे भोई घेऊन जायचे, जाळं तरंगतं ठेवायला. त्या बदल्यात ते सुकी मासळी द्यायचे, तेव्हा शिवगंगाक्का आपल्या दुकानाचं त्या बाजूचं दार लावून घ्यायच्या आणि वास गेला की उघडायच्या. दोघींच्या मैत्रीत तेवढंच एक दार होतं.

पण खरी कमाल सालीची. एकदा मी पाहिलं, बुबू कोयत्यानं बुंध्याची साल सोलत होती. हातभर रुंद, पुरुषभर उंच पट्टा. साल काढली की झाड मरतं, एवढं मीही शिकले होते.

"ह्ये न्हाय मरत," ती म्हणाली आणि माझा हात धरून बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेली. तिथं जुन्या पट्ट्याच्या जागी नवी, गुळगुळीत, किंचित हिरवट साल भरून आली होती. तिनं माझा तळवा त्यावर दाबला. गार लागली, जनावराच्या ओल्या नाकासारखी. "कातडी काढली तरी परत येते. असं दुसरं कोण हाय सांग बरं दुनियेत?"

ती साल भिजवायची, ठेचायची, धागे सोडवायचे आणि मांडीवर वळायचे. तिच्या दोराला भूमच्या बाजारात वेगळं गिऱ्हाईक होतं. आणि दर वर्षी महादेवाच्या जत्रेत रथ ओढायला लागणारा मनगटाएवढा जाड दोर बुबूच्याच हातचा असायचा. तो ती विकत नसे. जत्रा झाली की दोर परत तिच्याकडं यायचा आणि झाडाच्या ढोलीत गुंडाळून ठेवला जायचा.

ढोलीविषयी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बुंध्यात वाकून शिरावं एवढं तोंड होतं. आत दहाजण बसतील एवढी जागा, कोरडी, गार. पण बुबू स्वतः कधी आत जात नसे. दोर ठेवायचा असो वा काढायचा, ती मला किंवा शिवगंगाक्काला पाठवायची. मी विचारलं तर म्हणाली, "माझं आत जाऊन झालंय."

माझ्या महिला मंडळाची पहिली सभा त्याच झाडाखाली भरली. जिल्ह्याहून एक शिकलेले साहेब आले होते. ते झाडाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "हे आपल्या देशातलं झाड नव्हे बरं का. समुद्रापलीकडून आलेलं आहे."

बायका बुबूकडं बघायला लागल्या. बुबू करवंट्यांतून सरबत वाटत होती. ती म्हणाली, "आलं असंल. आता कुटं जातंय?"

साहेबांनी झाडाचं वय विचारलं. "माझ्या लग्नात एवढंच होतं," तिनं सांगितलं. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

बुबूच्या नवऱ्याविषयी कुणी बोलत नसे. तो निजामाच्या काळात जंगलखात्यात दारोगा होता एवढं मला माहीत होतं. बुबू त्याच्याविषयी वर्तमानकाळात बोलायची: "दारोगाला कांदा चालत न्हाय", "दारोगा सकाळी लवकर उठतो". मला वाटलं, हैदराबादेस लेकीकडं राहत असेल. ती लेक अधूनमधून पत्र पाठवायची, इकडं ये म्हणायची. बुबू पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, "लिही, येते. कवा ते लिहू नको."

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. गावच्या विहिरींनी तळ गाठला. सरकारी कामातून शिवारात एक विहीर खोल करायला घेतली होती. कामावरचा मुकादम गावातलाच, पन्नाशीचा, भरदार अंगाचा माणूस. तो कधी आमच्या गल्लीतून जात नसे. तालुक्याला जायचं तरी ओढ्याकडून वळसा घ्यायचा. मला वाटायचं, त्याचं शेत तिकडं असेल.

वैशाखातली दुपार. सुरुंग उडाला. धूर विरल्यावर मुकादम एकटाच खाली उतरला आणि त्याच्या पाठोपाठ एका अंगाची दरड कोसळली. आम्ही बायका पाण्याला गेलो होतो, हाक ऐकून धावलो. वरून दिसत होतं ते असं: उतरायच्या पायऱ्या गेलेल्या, तळाशी मुकादमाचा एक पाय मोठ्या धोंड्याखाली, आणि सुरुंगानं फुटलेला झरा. सगळं गाव ज्या पाण्याची वाट बघत होतं ते पाणी आलं होतं, आणि ते त्याच्या गुडघ्याला लागलं होतं.

दोन पोरं मोटेच्या नाड्यावरून उतरली. त्यांनी नाडा धोंड्याला बांधला, वरून माणसांनी ओढला, आणि खडकाच्या धारेवर तो ताडकन तुटला. दुसरा आणला, तोही तुटला. पाणी कमरेला आलं. मुकादम आधी सूचना देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग गप्प झाला.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. बुबू येत होती. तिच्या मागं शिवगंगाक्का आणि आणखी तिघी बायका, पाचजणींच्या खांद्यावर रथाचा दोर. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं ऐकलं ते एवढंच की विहिरीत माणूस अडकलाय. मला आठवतं ते गावाचं गप्प होणं. बायाबापड्यांचा कालवा एकदम थांबला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मला त्याचा अर्थ कळत नव्हता.

ती काठावर आली, वाकली आणि खाली बघितलं. खालून त्यानं वर बघितलं.

किती वेळ गेला? नंतर गावात कुणी म्हणे बराच वेळ. मला वाटतं, पाचसहा श्वास. बुबूचा चेहरा मी बाजूनं पाहत होते. त्यावर काही उमटलं नाही. फक्त तिचा हात दोरावरून मागंपुढं फिरत होता, वळ मोजल्यासारखा.

मग ती म्हणाली, "पानी आना. सुका दोर घासतो, ओला धरतो."

आम्ही घागरी ओतल्या. कुणीतरी बैल आणले होते. "बैल न्हाईत," ती म्हणाली. "बैल हिसका देतो. मानसं लावा." तिनं खडकाच्या धारेवर गोणपाट घातलं, त्यावर दोर ठेवला आणि स्वतः तिथंच मांडी घालून बसली. खालच्या पोरांनी दोर धोंड्याला दोन वेढे देऊन बांधला. तीसचाळीस माणसं लागली. मीही लागले. बुबू दोरावर तळवा ठेवून होती आणि तळव्याला काय कळत होतं कोण जाणे, "थांबा... आता... हळू... थांबा," असं बोलत होती. एकदा तिनं एवढ्या जोरानं "थांबा!" म्हटलं की चाळीस माणसं जागच्या जागी गोठली. खाली धोंडा फिरत होता. तसाच ओढला असता तर त्याच्या छातीवर आला असता.

धोंडा हलला. पाय सुटला. मग त्याच दोरानं त्याला वर घेतलं. सुटला तेव्हा पाणी त्याच्या काखेपर्यंत पोचलेलं होतं. पाय मोडला होता, तोंड पांढरं पडलं होतं. त्याला जमिनीवर टेकवलं ते नेमकं बुबूच्या पायांपाशी. त्यानं डोळे मिटून घेतले.

बुबू दोर चाचपत होती. एका जागी धागे उसवले होते. "तीन वाव दोर वाया गेला," ती म्हणाली. "जत्रेआधी जोडावा लागंल." आणि घराकडं चालू लागली.

त्या संध्याकाळी शिवगंगाक्कांनी मला दुकानात बसवून सांगितलं. दहा वर्षांपूर्वी, निजामाचं राज्य बुडालं त्या पोलीस कारवाईच्या दिवसांत, मुसलमानांची घरं हुडकत टोळी आली होती. काही बाहेरचे, काही गावातले. दारोगाला घरातून नेलं. बुबू ढोलीत शिरली आणि नऊ दिवस तिथं राहिली. शिवगंगाक्का शेणाच्या पाटीत भाकरी लपवून तिला नेऊन द्यायच्या. दारोगा परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. तिनं साऱ्या गावाला विचारलं, कुणी सांगितलं नाही.

"आणि मुकादम?" मी विचारलं.

"त्यो होता त्यांच्यात," अक्का म्हणाल्या. "समद्यांनी बघितलं. तिनंबी."

मी घरी आले तेव्हा बुबू चुलीपुढं बसून रोजच्यासारखी भाकरी थापत होती. मला विचारायचं खूप होतं. तिनं पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "हात सोलले का? तेल लाव."

दहाबारा दिवसांनी आमच्या गल्लीत एक बैलगाडी येऊन थांबली. पायाला कामट्या बांधलेला मुकादम आत. गाडी झाडाच्या अलीकडंच थांबली. बुबू बुंध्यापाशी दोर जोडत बसली होती, मी धागे सोडवून देत होते. तो गाडीतूनच म्हणाला, "बुबू, जागा दावतो."

तिनं हातातला वळ सुटू नये म्हणून त्याला गाठ मारली. मग उठली. "चल पोरी," मला म्हणाली.

गाडी ओढ्याकडं गेली, ज्या वाटेनं तो दहा वर्षं वळसा घालत होता त्याच वाटेनं. कोरड्या ओढ्याच्या वळणावर, निवडुंगाच्या मागं, दगडांचा एक लांबट ढीग होता. मी तिथून कितीदा गेले असेन.

"हितं," तो म्हणाला.

बुबू ढिगाजवळ बसली. मग विचारलं, "कुणी?"

"हात समद्यांचे होते," तो म्हणाला. "माझाबी." मग म्हणाला, "दगडं मी रचली. दुसऱ्या दिशी येऊन. एकट्यानं."

"त्यानं पानी मागितलं व्हतं?"

मुकादमानं मान खाली घातली. "व्हय."

"दिलंस?"

गाडीवान दुसरीकडं बघत होता. बैलानं मान हलवली. "न्हाय," मुकादम म्हणाला आणि एवढा मोठा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला.

बुबूनं हात उघडे धरून फातिहा म्हटली. मग बाजूचा एक दगड उचलला. मुकादमानंही तो दगड पाहिला आणि जागचा हलला नाही. बुबूनं डावा हात ढिगावर टेकवला आणि मनगटातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून फोडल्या. मग उजव्या हातातल्या. गळ्यातला लग्नातला काळ्या मण्यांचा लच्छा सोडून पदराच्या टोकाला बांधला. एवढ्या दिवसांत ती बांगड्या का घालते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

परतताना मुकादम म्हणाला, "म्या तहसिलात जाऊन सांगतो समदं."

"जायचं तर तुझ्यासाठी जा," ती म्हणाली. "माझं नाव सांगू नको. आन् पाय हलवू नको, हाड वाकडं बसंल."

तो गेला नाही. हेही सांगायला हवं. मी गाव सोडेपर्यंत वाट पाहिली, तो गेला नाही. मी स्वतः जावं का, असं एकदा बुबूला विचारलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून मला ठरवता येत नाही.

बुबू इद्दतीला बसली. नवरा वारला की बायकोनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, साजशृंगार करायचा नाही, अशी रीत. भूमहून मौलवीसाहेब आले, दाराआडून समजावून गेले: मृत्यूला दहा वर्षं झाली, मुदत केव्हाच संपली, शरियतनं आता बसायची गरज नाही.

"मुदत कागदावर संपली, मौलवीसाब," बुबू आतून म्हणाली. "मी कुटं बसले व्हते?"

आणि बसली. मृगात गोरखचिंचेला पालवी फुटली. मग फुलं आली, तळहाताएवढी पांढरी, उलटी लोंबणारी, दिवस कलता कलता डोळ्यांदेखत उमलणारी. मी रोज येऊन तिला सांगायचे, आज इतकी उमलली. ती मान डोलवायची. कोवळी पानं कोण तोडणार हा प्रश्न होता. झाडावर चढायची गावात कुणाची छाती नव्हती. शिवगंगाक्कांनी बांबूला कोयती बांधून खालच्या फांद्यांची पानं काढली आणि बुबूच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी ज्वारीचं पीठ ठेवलं. मग रोज काही ना काही असायचं: वांगी, सरपण, दुधाचा तांब्या. ठेवणारं दिसायचं नाही. बुबू दार उघडायची, बघायची, आत घ्यायची. कुणाचं म्हणून विचारायची नाही.

मधेच माझी ढोकीला बदली झाली. मी साहेबांना गाठून महिनाभर मुदत मागितली. "घरमालकीण सुतकात आहे," म्हटलं. "कोण वारलं?" त्यांनी विचारलं. "मालक," मी म्हटलं. त्यांनी पुढं काही न विचारता सही केली.

आश्विनात इद्दत संपली. त्या सकाळी बुबू न्हाली, पांढरं लुगडं नेसली, बाहेर आली आणि मला फाट्यापर्यंत पोचवायला निघाली. ट्रंकेची एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. फाट्यावर लिंबाच्या सावलीत परगावची एक म्हातारी एस.टी.ची वाट बघत बसली होती. बायका बसतात तसं बोलणं सुरू झालं. कुठल्या तुम्ही, लेकरं किती. आणि मग तिनं सहज विचारलं, "मालक काय करतेत?"

मी बुबूकडं पाहिलं.

"वारले," बुबू म्हणाली. "गावातच हायेत, वड्याच्या कडंला."

"बरं झालं बाई, जवळ हायेत," ती म्हातारी म्हणाली.

"व्हय," बुबू म्हणाली आणि पाय पसरून तिच्या शेजारी बसली. "तुमचे?"